साहेबाचं झाड

भिवंडीतल्या निदान निम्म्या घरांत माझं तळं आहे. कुणाच्या अल्बममध्ये, कुणाच्या पेटीत तळाशी, कुणाच्या भिंतीवर हार घातलेल्या फोटोत. पुढे नवरा-नवरी उभे, नाहीतर नवा शर्ट घातलेला एखादा लूमवाला. पाठीमागे पाणी, पाण्यात दोन राजहंस, डाव्या हाताला भलंमोठं झाड आणि लांब निळे डोंगर. हे तळं कुठलं, असं लोक मला अजून विचारतात. कुणी काश्मीर म्हणतं, कुणी महाबळेश्वर. एका बाईंनी तर आपण हनिमूनला तिथं गेलो होतो असं नवऱ्यादेखत सांगितलं, आणि नवऱ्यानं मान डोलावली. खरं सांगायचं तर ते तळं मांजरपाटाचं आहे, आणि राजहंस मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही.

माझा धंदा फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचा. ऐंशी सालाच्या आसपास सुरू केला आणि नव्वदचं दशक संपता संपता तो माझ्या हातातून गेला, कारण छापील पडदे आले आणि त्यांच्यावरचं पाणी माझ्या पाण्यापेक्षा ओलं दिसायला लागलं. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लूमवरून उतरलेलं कोरं कापड घ्यायचं, चौकटीवर ताणायचं, खळ आणि खडूच्या पुडीचा हात द्यायचा. वाळलं की पावडरचे रंग सरसात कालवून रंगवायचं. तेलरंग चालत नाही, दिव्यात चकाकतो आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे दुसरा सूर्य उगवतो. सरसाचा वास मात्र असा, की मी बसमध्ये चढलो की शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची.

भिवंडीत आणखी एक भानगड होती. हवेत कापसाचे बारीक तंतू कायम उडत. ओल्या रंगावर ते नेमके डोंगरांवरच जाऊन बसत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी रडकुंडीला आलो. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते मास्तर आले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. बर्फ पडलाय." तेव्हापासून भिवंडीतल्या सगळ्या पडद्यांवर बर्फाचे डोंगर आले. लोकांना वाटायचं, पेंटरचा हात सफाईदार आहे.

मास्तरांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. ते म्हणत, पडद्याला सही नसते. त्यांच्याकडे निसर्ग कसा काढायचा याचे नियम होते आणि ते नियम त्यांनी मला आधी तोंडपाठ करायला लावले, ब्रश नंतर हातात दिला. पुढे तपकिरी, मध्ये हिरवं, लांब निळं. मोठं झाड डाव्या कडेला, झुडूप उजव्या कडेला. झाड मधोमध कधीही नाही. वाट असली तर वाकडी; सरळ वाट म्हणजे सरकारी रस्ता. उजेड डावीकडून. क्षितिज उभ्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत. माणूस काढलाच तर लहान आणि पाठमोरा, नुसता मापापुरता. आणि दुपार काढायची नाही, दुपारी सावली पायाखाली जाते आणि चित्र मरतं.

आमच्या भिवंडीत निम्मं वर्ष दुपारच असते. मी एकदा तसं म्हणालो. मास्तर म्हणाले, "म्हणूनच लोक स्टुडिओत येतात."

हे नियम आले कुठून, हे मी त्यांना फार दिवसांनी विचारलं. मास्तर शिकले होते मुंबईत, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एकाकडे. तो शिकला होता आणखी एकाकडे, आणि तो आणखी एक म्हणजे इंग्रजांच्या काळात कलाशाळेतल्या एका साहेबाची रंगपेटी उचलून फिरणारा माणूस. साहेब डोंगरावर जायचा, छत्रीखाली बसायचा आणि समोरचा डोंगर बघत बघत आपल्या गावाकडचा डोंगर काढायचा. आपल्याकडचं ऊन त्याला सोसायचं नाही, मग तो चित्रात धुकं घालायचा. आपली झाडं त्याला वेडीवाकडी वाटायची, मग तो त्यांना वळण लावायचा. शेतात माणसं राबत असली तर ती पुसून एखादाच गुराखी ठेवायचा, तोही मागून. रंगपेटीवाल्यानं ते सगळं डोळ्यांत साठवलं. साहेब बोटीत बसून गेला आणि त्याचं झाड इथंच राहिलं.

"मग आपल्याकडचा निसर्ग कोणी काढतच नाही का?" मी विचारलं.

"आपल्याकडचा निसर्ग फार उघडा असतो," मास्तर म्हणाले. "तो चित्राला चालत नाही."

मला ते पटलं. मास्तरांचं सगळंच पटायचं. आणि गिऱ्हाइकांना साहेबाचं झाड आवडत होतं, मग माझं काय जात होतं?

ते झाड कसलं, हा प्रश्न मात्र कधी कधी अडचणीत आणायचा. जवळच्या शेलार गावचे एक काका कुटुंबासकट फोटोला आले होते. पडद्यासमोर उभे राहायच्या आधी ते झाडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आंबा न्हाय, साग न्हाय, जांभूळ न्हाय. ह्याला येतं काय?" मी म्हणालो, "काका, हे शोभेचं आहे." काका म्हणाले, "शोभेचं हाय त मग एवढी जागा कशाला खाल्लीन?" आणि तिथं येऊन नेमके झाडासमोरच उभे राहिले, म्हणजे ते झाकलं गेलं. बाकीचं कुटुंब उजवीकडे झुडपाजवळ. त्या फोटोत मधोमध नुसतं तळं आहे.

माझे बहुतेक पडदे इकबालभाईंच्या स्टुडिओत लागत. ब्लॅक अँड व्हाइटचा जमाना होता तोवर पडदाही काळा-पांढराच रंगवायचो, कारण फोटोत कुठला रंग दिसणार? निळे डोंगर तेव्हा नुसते फिके असत. रंगीत फिल्म आली आणि इकबालभाई म्हणाले, "मोहनभाई, अब नीला डालो, दिल खोल के." मी दिल खोलून घातला. त्या वर्षी भिवंडीतली सगळी लग्नं निळी झाली.

क्षितिजाच्या नियमानं मात्र आम्हा दोघांची लाज काढली. क्षितिज उभ्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत, म्हणजे पाण्याची पलीकडची कड साधारण तिथं. उभ्या गिऱ्हाइकाला काही अडचण नाही. पण इकबालभाईंनी एक मखमली खुर्ची आणली आणि लोक बसून फोटो काढायला लागले. बसलेल्या माणसाचं डोकं खाली येतं, पाणी तिथंच राहतं. आम्हा दोघांच्याही हे लक्षात आलं नाही. आम्हाला तो पडदा रोज बघून बघून दिसेनासाच झाला होता.

रामसजीवन नावाचा एक लूमवाला त्या खुर्चीवर बसला, छान भांग पाडून, हात गुडघ्यांवर ठेवून. फोटो गावी गेला. त्या वर्षी त्याच्या मुलखात नदीला पूर आलेला, आणि म्हातारी आई डोळ्यांनी अधू. तिनं फोटो जवळ धरून बघितला तर लेकाच्या गळ्याच्या वर चहूबाजूंनी पाणी, आणि कानाशी एक पक्षी. तिनं हंबरडा फोडला. समजावून सांगणारे थकले. शेवटी थोरला भाऊ गाडीत बसून थेट भिवंडीला आला, रामसजीवनला जिवंत बघितलं, एक शिवी दिली आणि त्याला घेऊन स्टुडिओत आला.

मी तिथंच होतो. भाऊ पडद्यासमोर गेला, तळ्याला बोट लावलं, बोट बघितलं आणि म्हणाला, "सूखा है." मग इकबालभाईंकडे वळून म्हणाला, "अम्मा को क्या बोलूँ? कपड़े में डूबा था?"

इकबालभाईंनी त्या दोघांचा उभ्यानं फोटो काढून दिला, फुकट. खुर्चीखाली एक लाकडी चौथरा आला, त्यावर सतरंजी. बसलेले लोक पाण्यातून वर निघाले. पडदा खाली ओढून चाललं असतं, असं मी म्हणालो होतो. पण क्षितिज खाली घ्यायची कल्पना माझ्याच जिवावर आली. नियम म्हणजे नियम. माणसं उचलावीत, क्षितिज नाही.

नव्वदच्या दशकात एकदा रंग आणायला मुंबईला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं, म्हणून एका चित्रांच्या प्रदर्शनात शिरलो. आत गार हवा होती आणि तिकीट नव्हतं. भिंतीवर एक मोठं चित्र. त्यात झाड नाही, तळं नाही, काही नाही. खाली तपकिरी पट्टा, मध्ये हिरवा, वर निळा. मी समोरच खिळलो. हा तर मास्तरांचा पडदा होता, झाड उपटून नेलेला.

चित्रकार तिथंच होता, खादीचा कुर्ता, दाढी. मला खिळलेला बघून त्याला बरं वाटलं असावं. जवळ आला.

"कसं वाटतंय?"

"छान आहे. खाली तपकिरी का घेतलात?"

तो थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. "ते आतून आलं."

"आणि लांब निळं?"

"तेही आतूनच."

"तुमचे मास्तर कोण?" मी विचारलं.

तो म्हणाला, त्याचा कुठल्याही गुरूवर विश्वास नाही, त्यानं सगळं झुगारून दिलं आहे. मी मान हलवली. झुगारताना झाड, तळं, राजहंस सगळं झुगारलं होतं बिचाऱ्यानं, फक्त साहेबाचे तीन पट्टे तेवढे आत चिकटून राहिले होते. मला त्याचा राग आला नाही. उलट परक्या गावात भाऊबंद भेटल्यासारखं वाटलं. मी त्याला हात जोडले आणि बाहेर आलो.

तेव्हा मी त्याला मनातून हसलो, पण माझी पाळी लवकरच आली.

आमची वस्ती शेलारच्या रस्त्याला. तिथं आम्ही लोकांनी वर्षानुवर्षं विटा जमवून एक विहार बांधला. बुद्धमूर्ती वैशाखी पौर्णिमेला बसायची होती. मूर्तीमागची भिंत पांढरी ठेवली होती आणि तिच्यावर बोधिवृक्ष रंगवायचा असं कमिटीनं ठरवलं. कमिटीचे अध्यक्ष साळवेभाऊ, पोस्टातून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारल्यासारखे बोलणारे. त्यांच्या मनात कल्याणचा एक पेंटर होता, ज्यानं तिकडचे दोन विहार रंगवले होते. त्या सभेत माझी आत्या उभी राहिली.

आई गेल्यावर मला आत्यानंच वाढवलं. सरकारी दवाखान्यात आया होती, जन्मभर दुसऱ्यांची पोरं हातावर झेललेली. सभेत ती कधी बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "माजा मोहन पडदे रंगवतो. सगल्या भिवंडीचे रंगवले. आपल्या घरच्या भिंतीला भायेरचा मानूस कशाला? माजा शब्द हाय." आता शब्द दिल्यावर साळवेभाऊंना काम मला द्यावं लागलं. पण त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यावरून मला कळलं, की भिंत बिघडली तर मला कुणी काही म्हणणार नाही, सगळे आत्याला म्हणतील.

मी जीव ओतून काम केलं. पुढे तपकिरी, मध्ये हिरवं, लांब निळे डोंगर. मधून बोधगयेची नैरंजना नदी, वाकडी वाहत गेलेली. डाव्या कडेला बोधिवृक्ष, असा डेरेदार की मास्तर असते तर पाठ थोपटली असती. मूर्तीची जागा मधोमध मोकळी सोडली. कमिटी बघायला आली. सगळे भिंतीसमोर रांगेनं उभे राहिले. मी वाट बघत होतो की वाहवा कोण सुरू करतो.

साळवेभाऊ म्हणाले, "मोहन, मूर्ती कुठं बसणार?"

"ही इथं, मध्ये."

"आणि झाड?"

"डावीकडे."

"मग भगवान उन्हात बसलेत का?"

मी भिंतीकडे बघितलं. शपथेवर सांगतो, तोवर माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. बोधिवृक्षाखाली ज्ञान मिळालं हे मला दुसरीपासून पाठ. पण झाड मधोमध काढायचं नाही हे त्याहून पक्कं पाठ. माझ्या भिंतीवर सावली एका बाजूला होती आणि जिथं मूर्ती बसणार तिथं टळटळीत ऊन. बाजूला एवढं मोठं झाड असताना माणूस उन्हात बसेल कशाला?

"नियम आहे भाऊ," मी म्हणालो. "झाड कडेलाच असतं."

"कोणाचा नियम?"

रंगपेटीवाल्यापासून सगळं सांगायला लागलो असतो तर पौर्णिमा उलटून गेली असती. तेवढ्यात आत्या पुढे आली, झाडाला नाक लावल्यासारखी उभी राहिली. "आनि ह्यो पिंपल न्हाय," ती म्हणाली. "पान कुटं हाय ह्याला? हे तर नुसतं बुरशीवानी दिसतं." पानं मी स्पंजनं उठवली होती. साहेबाच्या झाडाला वेगळी पानं नसतात, नुसते ठपके असतात.

साळवेभाऊंनी आठवडा दिला. भिंतीला चुना लागला, आत्यानं स्वतः बादली धरली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी ठरवलं, पिंपळ बघून काढायचा. हे सांगायला सोपं आहे. पिंपळ भिवंडीत शोधावा लागत नाही. गटाराच्या पाइपातून येतो, लूमच्या शेडच्या भिंतीतून येतो. पण मोठा, पुरा वाढलेला हवा म्हणून वज्रेश्वरीच्या रस्त्याला बसनं गेलो. एका थांब्याजवळ मोठा पिंपळ होता, त्याच्याखाली चहाची टपरी. समोर बसलो, पाटीवर कागद लावला, पेन्सिल चालवली. पूर्ण झाल्यावर बघतो तर कागदावर साहेबाचं झाड. तसंच, डावीकडे झुकलेलं. परत काढलं, परत तेच. डोळे पिंपळ बघत होते आणि हात ऐकत नव्हता. टपरीवाला चहा घेऊन आला, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "पावनं, झाड पाठीमागं हाय का तुमच्या?"

त्या दिवशी मी हरलो असं मला वाटलं. आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. शेवटी पाटी ठेवून दिली आणि झाडाखालीच आडवा झालो. भर दुपार होती. वर बघत पडलो. वारा नव्हता तरी पानं हलत होती, प्रत्येक पान आपल्या देठावर आपापलं थरथरत होतं. टोकाला शेपटी. उजेड डावीकडून येत नव्हता, उजवीकडूनही नाही. पानांतून गाळून खाली येत होता, हिरवा होऊन. आणि सावली माझ्याभोवती गोल होती, खोडापासून चारी बाजूंना सारखी. मास्तर म्हणायचे दुपारी चित्र मरतं. मरत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटत असेल, खाली बसणाऱ्याला नाही.

मग पाटी पोटावर घेऊन, उताणाच, वर बघत, एक एक पान काढत गेलो. झाड नाही, नुसती पानं. हाताला ते कधी शिकवलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे चुकीचं उत्तर तयार नव्हतं.

भिंत मी तशीच रंगवली. खोड मधोमध, जाड, तपकिरी, दोन्ही बाजूंना मुळं जमिनीपर्यंत पसरलेली. वरची सगळी भिंत पानांनी भरली, अगदी छतापर्यंत. खाली वैशाखातली जमीन, पांढुरकी. नदी नाही, डोंगर नाहीत, क्षितिज तर काढलंच नाही. रंगवताना मला भीती वाटत होती, आणि अनेक वर्षांत पहिल्यांदाच मजाही येत होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी कमिटी आली, मागोमाग वस्तीतले बरेच लोक. पुन्हा तशीच रांग लागली. मला वाटलं, या वेळी भारावले आहेत.

"झाड आलं," साळवेभाऊ म्हणाले. "पण निसर्ग कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे डोंगर, नदी. काहीतरी देखावा पाहिजे ना? हे तर आपल्या शेलारसारखंच दिसतंय."

ज्याच्या लग्नाचा फोटो इकबालभाईंकडेच काढलेला, असा एक तरुण पाठीमागून म्हणाला, "मोहनदादा, माझ्या लग्नात केवढा निसर्ग दिला होतात तुम्ही. बर्फ पण होता. आणि भगवंताला एकच झाड?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं मीच या लोकांच्या पाठीमागे निळे डोंगर उभे केले होते. त्यांच्या लेखी निसर्ग म्हणजे मी रंगवलेला पडदा, आणि आता मीच तो काढून घेतला होता. साहेबानं रंगपेटीवाल्याला फसवलं असेल नसेल, पण वस्तीला मी फसवलं होतं, आणि चांगलं फसवलं होतं.

साळवेभाऊ म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मागे डोंगर काढ. नाहीतर चुना फिरवू. मूर्तीमागे पांढरी भिंत वाईट दिसत नाही." मग आत्याकडे न बघता म्हणाले, "शब्द दिला म्हणून काय, पूर्ण वस्तीचा प्रश्न आहे."

मी निळा कालवायला घेतला. खरंच घेतला. आत्याला पुन्हा चुन्याची बादली धरायला लावण्यापेक्षा दोन डोंगर काय जड होते?

आत्या म्हणाली, "थांब."

ती भिंतीजवळ गेली, उजव्या बाजूच्या मुळाशी, आणि खाली बसली. तिच्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं. मग तिनं पाठ मागे खोडाला टेकवली, पाय लांब केले, आणि वर पानांकडे बघत राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"आमच्या गावात पिंपल होता," ती म्हणाली, साळवेभाऊंना. "त्याला पार होता. आमाला पारावर बसू देत नव्हते. मी लान होते तवा उन्हातनं जायाचो, ते लोक सावलीत बसलेले दिसायचे. जलमभर ते झाड लांबून बगितलं." ती थांबली. "पयल्या वेली ह्यानं झाड लांब काढलं. मला वाटलं, ह्याच्या हातात पन तेच आलं. आता जवल आलंय. त्यात डोंगर घालून परत लांब कशाला ढकलतोस, भाऊ?"

साळवेभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या गावातही पार असणार. आमच्यातल्या कुणाच्या गावात नव्हता?

मग ते म्हणाले, "मोहन, निळा फेकून दे."

आत्याला उठवायला दोघी पुढे आल्या. ती उठली आणि वळली, आणि सगळे हसायला लागले. रंगात सरस कमी पडला होता, वाळूनही हाताला लागत होता. तिच्या पांढऱ्या लुगड्याच्या पाठीवर खोड उमटलं होतं, गाठीसकट. भिंतीवर तेवढी जागा पुसली गेली होती. मी म्हणालो, आत्या, ते लवकर धुवायला टाक, नाहीतर जाणार नाही. ती म्हणाली, "उद्या हेच नेसून येनार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती यायच्या आधी पुसलेली जागा भरावी म्हणून मी डबा आणि ब्रश घेऊन विहारात गेलो. जागा भरायला मिळाली नाही. तिथं एक म्हातारी पाठ टेकून बसली होती, वर बघत. दुसरी तिच्या उठायची वाट बघत उभी होती आणि दारात आणखी चारपाच जणी होत्या, सगळ्या पांढऱ्या स्वच्छ लुगड्यांत. मी डबा बंद केला आणि मागे जाऊन उभा राहिलो.

मूर्ती बसली, मेणबत्त्या लागल्या, वंदना सुरू झाली. मी सगळ्यांच्या मागे होतो. माझ्यापुढे आमच्या वस्तीतल्या साऱ्या म्हाताऱ्या हात जोडून उभ्या होत्या, आणि एकूणएक पाठ तपकिरी होती.